माशा-बेडकांची भूल आणि जिवाणूंची वाढ: परिणाम तपासायची पद्धत, मात्रा आणि हमखास होणाऱ्या चुका

मासा किंवा बेडूक भूल देऊन हातात घेतला, त्याच्या कातडीवरून स्वॅब (निर्जंतुक कापसाची काडी) फिरवला, जिवाणू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर ओढला आणि दोन दिवसांनी प्लेट जवळपास कोरी निघाली, तर त्याचे दोन अर्थ होतात. कातडीवर जिवाणू खरोखरच कमी असतील, किंवा भुलीच्या पाण्याने ते मारले वा थोपवले असतील. दुसरी शक्यता तपासल्याशिवाय पहिली लिहून टाकणे चूक आहे. भूल म्हणून वापरली जाणारी बहुतेक द्रव्ये पेशीच्या पटलात शिरतात, आणि पटल जिवाणूलाही असते. लवंगेतले युजेनॉल तर ओळखलेच जाते जंतुरोधक म्हणून.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात मत्स्यशेती, धरणातली मासेमारी आणि घाटाकडचे बेडूक असे सगळेच अभ्यासायला हाताशी आहे. प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग एकाच महाविद्यालयात शेजारी असतात. इथली साधने, इथले पाणी आणि इथली वीज धरून हा प्रयोग कसा मांडावा ते पुढे दिले आहे. एक गोष्ट आधीच पक्की धरा: या विषयात औषधाचा परिणाम मोजणे सोपे आहे. आम्ल, अल्कोहोल, क्लोरीन आणि प्लेटवर वाहून आलेले औषध यांचा परिणाम वेगळा काढणे हेच खरे काम आहे. म्हणून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला संच, हाच प्रयोगाचा गाभा समजा.

आधी प्रश्न ठरवा

"भुलीचा जिवाणूंवर काय परिणाम होतो" या एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न दडले आहेत. चोवीस तास औषधात राहिल्यावर जिवाणू वाढतो का, हा पहिला. याचे उत्तर किमान रोधक मात्रेच्या (वाढ थांबवणाऱ्या सर्वांत कमी मात्रेच्या) चाचणीतून मिळते. पाच-दहा मिनिटे औषधात राहून बाहेर आलेला जिवाणू प्लेटवर उगवतो का, हा दुसरा. स्वॅब घेणाऱ्याला दुसऱ्याचे उत्तर हवे असते, पण बरेच विद्यार्थी पहिली चाचणी करून दुसऱ्याचे उत्तर लिहितात. दोन्ही करा आणि निष्कर्ष वेगवेगळे लिहा.

द्रव्ये आणि त्यांचे स्वभाव

एमएस-२२२, म्हणजे ट्रायकेन मिथेनसल्फोनेट, ही पांढरी, पाण्यात सहज विरघळणारी पूड. रेणुभार २६१.३. माशांना साधारण ५० ते २०० मि.ग्रॅ. प्रति लिटर पुरते. प्रौढ बेडकांना १ ग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून जास्त लागते, भेकमाशांना (टॅडपोलना) त्यापेक्षा बरेच कमी. म्हणजे बेडकाच्या कातडीवरच्या जिवाणूंना माशावरच्या जिवाणूंपेक्षा दहापट किंवा अधिक मात्रा सोसावी लागते. माशावर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष बेडकाला लावता येत नाही, तो यामुळेच.

हे द्रव्य पाण्यात आम्ल सोडते. प्रत्येक ग्रॅममागे ३.८३ मिलीमोल आम्ल येते, आणि ते जिरवायला पाण्याची क्षारता (आम्ल जिरवायची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १९१ मि.ग्रॅ. प्रति लिटर खर्ची पडते. माशाच्या १०० मि.ग्रॅ. मात्रेला १९ मि.ग्रॅ. क्षारता लागते. सीमाभागात हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. खानापूरकडच्या जांभ्या दगडातून आलेले पावसाळी ओढ्याचे पाणी मऊ असते. त्याची क्षारता २० च्या आसपास असेल तर माशाच्या मात्रेतच ती संपते आणि पीएच कोसळतो. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरच्या जड पाण्यात तीच मात्रा टाकली तर पीएच जेमतेम हलतो. एकाच औषधाचे, एकाच मात्रेचे दोन तालुक्यांत दोन निकाल येतील आणि औषधाचा त्यात काही संबंध नसेल. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्षारता मोजायचे किट घ्या आणि पाणी वापरण्याआधी आकडा वहीत उतरवा.

बेन्झोकेन हा एमएस-२२२ चा जवळचा नातलग, पण पाण्यात विरघळायला नाखूश. लिटरमागे साधारण एक ग्रॅमच्या आत. त्यामुळे आधी अल्कोहोलमध्ये १०० ग्रॅम प्रति लिटर असा साठा करावा लागतो. त्यातला १ मिली एक लिटर पाण्यात टाकला की १०० मि.ग्रॅ. होते. पाण्याचा पीएच तो बिघडवत नाही. मात्र त्याची एक खोड अशी की त्याचे विघटन झाले की पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल तयार होते, आणि हे आम्ल सल्फा गटाच्या प्रतिजैविकांचा परिणाम निष्प्रभ करते. बेन्झोकेन दिलेल्या माशावरून जिवाणू घेऊन सल्फाची संवेदनशीलता तपासायची असेल तर कातडी नीट धुतल्याशिवाय आणि जिवाणू दोनदा नव्या प्लेटवर शुद्ध केल्याशिवाय प्रतिजैविकाची कागदी डिस्क लावू नका. एमएस-२२२ मधला अमिनो गट मेटा जागी असल्याने त्यातून पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल निघत नाही.

युजेनॉल हे लवंग तेलाचे मुख्य घटकद्रव्य. घनता साधारण १.०७, म्हणजे १ मिली म्हणजे १.०७ ग्रॅम. पाण्यात लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. बाजारात दातदुखीवर मिळणारे लवंग तेल या प्रयोगाला घेऊ नये. त्यात युजेनिल ॲसिटेट आणि कॅरिओफिलीन असतेच, वर दुसऱ्या तेलाची भेसळही असू शकते. शुद्धता छापलेली युजेनॉलची बाटली घ्या आणि बॅच क्रमांक लिहून ठेवा.

टू-फिनॉक्सिइथेनॉल माशांना लिटरमागे ०.२ ते ०.५ मिली देतात. हेच द्रव्य सौंदर्यप्रसाधनांत परिरक्षक म्हणून १ टक्क्यापर्यंत घालतात. माशाची मात्रा त्याच्या वीस ते पन्नास पट कमी पडते. पुढच्या आराखड्यात हवे तर चौथे औषध म्हणून घाला.

अल्कोहोलबद्दल एक सूचना. शुद्ध इथेनॉल अबकारी परवान्यावर मिळते म्हणून काही ठिकाणी बाजारातले स्पिरिट वापरले जाते. त्यात पिण्यायोग्य राहू नये म्हणून घातलेली द्रव्ये असतात, आणि तीच जिवाणूंना मारतात. परवान्याच्या साठ्यातलेच घ्या.

जिवाणू कोणते

पहिल्यांदा करणाऱ्यांनी ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस घ्यावेत. एक ग्रॅम-ऋण (पेशीला जादा बाह्य पटल असलेला), एक ग्रॅम-धन (ते नसलेला). हात बसला की पाण्यातले खरे रहिवासी घ्या: एरोमोनास हायड्रोफिला आणि स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स. नावानिशी प्रमाणित स्ट्रेन चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येतात. एरोमोनास हायड्रोफिला माणसाच्या जखमेत शिरून संसर्ग करतो. हाताला ओरखडा असेल तर त्याला हात लावू नका, आणि काम सुरक्षा कपाटातच करा. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलमनारे हा माशांचा महत्त्वाचा रोगकारक खरा, पण पुढे दिलेल्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) तो नीट वाढत नाही. त्याला विरळ, कमी पोषकांचे माध्यम लागते. सुरुवातीला तो बाजूला ठेवा.

माध्यम आणि निर्जंतुकीकरण

ब्रॉथ म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला म्युलर-हिंटन घ्या. सगळीकडे तोच वापरला तर इतरांच्या आकड्यांशी तुलना होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. १५ पौंडांचा दाब दाखवणारा ऑटोक्लेव्ह किनारपट्टीवर १२१ अंश देतो. इथे हवेचा दाब कमी असल्याने तोच काटा साधारण ११९.५ अंश देतो. प्रेशर कुकर वापरत असाल तर शिट्टीचे वजन त्याच दाबाला उचलले जाते, म्हणून हाच फरक पडतो. १५ मिनिटांऐवजी २५ मिनिटे ठेवा, आणि मोठ्या फ्लास्कला ३० मिनिटे. तापमान दाखवणारी पट्टी प्रत्येक खेपेला आत टाका. बॅसिलससोबत काम करताना हे पाळले नाही तर त्याचे बीजाणू टिकून राहतात आणि पुढच्या ब्रॉथमध्ये उगवतात.

भूलद्रव्य मात्र कधीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. एमएस-२२२ आणि बेन्झोकेन दोन्ही एस्टर आहेत, उष्णतेत तुटतात. एमएस-२२२ ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळा. बेन्झोकेन आणि युजेनॉल फिल्टरच्या पापुद्र्याला चिकटतात, म्हणून ते गाळू नका. अल्कोहोलमधला साठा निर्जंतुक बाटलीत थेट बनवा. एमएस-२२२ उजेडात तपकिरी पडते. तपकिरी झालेला साठा टाकून द्या, आणि ताजाही रंगीत बाटलीत, फ्रीजमध्येच ठेवा. पूड तोलताना हातमोजे आणि चष्मा घाला, पंखा बंद करा.

पहिली चाचणी: चोवीस तासांची वाढ

९६ खळग्यांच्या प्लेटवर ही चाचणी होते. प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर औषध आणि ५० मायक्रोलिटर जिवाणू पडतात, म्हणून औषध दुप्पट तीव्रतेचे बनवायचे.

१. एमएस-२२२: २०० मि.ग्रॅ. पूड ५० मिली ब्रॉथमध्ये विरघळवा. पीएच मोजा, लिहा, मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ७.३ वर आणा. हिशेबाने साधारण ०.७७ मिली लागते. लागलेले मिलीलिटर नोंदवा. खूप जास्त लागले तर तोलताना चूक झाली आहे. हे ४ ग्रॅम प्रति लिटर झाले, खळग्यात २ ग्रॅम होईल. याहून गाढा साठा उदासीन केला तर तेलकट तवंग येऊ शकतो. तो म्हणजे पाण्यात न मावलेले औषध.

२. बेन्झोकेन: १०० ग्रॅम प्रति लिटर साठ्यातले ८० मायक्रोलिटर कोमट ब्रॉथच्या १० मिलीत, ढवळत ढवळत. खळग्यात ४०० मि.ग्रॅ. प्रति लिटर. ब्रॉथ फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरला तर सुईसारखे स्फटिक पडतात.

३. युजेनॉल: एक भाग युजेनॉल, नऊ भाग अल्कोहोल असा साठा, त्यातले १९० मायक्रोलिटर १० मिली ब्रॉथमध्ये. खळग्यात साधारण १००० मि.ग्रॅ. प्रति लिटर.

४. प्रत्येक औषधाची निम्मी, त्याच्या निम्मी अशी सहा विरलने करा. एमएस-२२२ ची मालिका २०००, १०००, ५००, २५०, १२५, ६२.५ अशी उतरेल. बेन्झोकेन आणि युजेनॉल विरल करताना साधा ब्रॉथ घेऊ नका. पहिल्या नळीत जेवढे टक्के अल्कोहोल आहे तेवढेच अल्कोहोल घातलेला ब्रॉथ घ्या, म्हणजे सगळ्या खळग्यांत अल्कोहोल सारखे राहते.

५. जिवाणू: रात्रभर वाढलेल्या प्लेटवरच्या तीन-चार कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) सलाइनमध्ये घोळवा आणि ०.५ मॅकफारलंडच्या गढूळपणाशी जुळवा. हे मानक घरीच बनते: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली आणि १ टक्का गंधकाम्ल ९.९५ मिली. एवढ्या गढूळपणात मिलीलिटरला साधारण १५ कोटी ई. कोलाय असतात. हे ब्रॉथमध्ये १५० पट विरल करा. खळग्यात मिलीलिटरला ५ लाख होतील. विरलन केल्यापासून अर्ध्या तासात प्लेट भरा.

६. प्लेटची मांडणी: स्तंभ १ ते ६ मध्ये औषधाच्या सहा मात्रा. ७ मध्ये मीठ कंट्रोल, म्हणजे उदासीन करताना जेवढे क्षार वाढले तेवढे साधे मीठ (२ ग्रॅम मात्रेला खळग्यात ०.४५ ग्रॅम प्रति लिटर). ८ मध्ये अल्कोहोल कंट्रोल. ९ मध्ये आम्ल कंट्रोल: औषधाविना ब्रॉथ, पण पायरी १ मध्ये उदासीन करण्याआधी जो पीएच आला होता त्यावर आणलेला. १० मध्ये नुसते जिवाणू. ११ मध्ये नुसता ब्रॉथ. १२ मोकळा ठेवून पाणी भरा. ओळी क, ख, ग पहिल्या जिवाणूला, घ, च, छ दुसऱ्याला. सातवी ओळ औषधाला, पण जिवाणूविना, आठवीत पाणी.

सातवी ओळ वगळू नका. स्फटिक किंवा तेलाचे सूक्ष्म थेंब प्रकाश अडवतात आणि गढूळपणा मोजणारे यंत्र (प्लेट रीडर) त्यालाच वाढ समजते. जिवाणूविना खळग्याचा आकडा वजा केल्याशिवाय बेन्झोकेनचा कोणताही आकडा खरा मानू नका.

७. युजेनॉलसाठी प्लेट वेगळी ठेवा. त्याची वाफ शेजारच्या खळग्यांत जाऊन तिथलीही वाढ थोपवते, आणि मग कंट्रोलही कमी वाढलेला दिसतो. झाकणाखाली चिकट फिल्म लावा. गाढा साठा पॉलिस्टायरीनच्या नळीत ठेवू नका. युजेनॉल ते प्लास्टिक विरघळवते. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन चालते.

८. तापमान: ई. कोलाय ३५ अंशांवर १६ ते २० तास. एरोमोनास आणि स्युडोमोनास २८ अंशांवर २४ ते २८ तास. बेळगावात डिसेंबरच्या रात्री खोली पंधरा अंशांच्या आसपास उतरते आणि एप्रिल-मेच्या दुपारी पस्तिसाच्या वर जाते, म्हणून २८ अंशांसाठी गरम आणि थंड दोन्ही करणारा बीओडी इनक्युबेटरच हवा. वीज जाते तेव्हा यंत्र उघडू नका. आत २८ अंशांवर आणलेल्या पाण्याच्या चार-सहा बाटल्या कायम ठेवल्या तर तास-दोन तास तापमान टिकते. कमाल-किमान दाखवणारा तापमापक आत असू द्या आणि त्याचे दोन्ही आकडे निकालासोबत लिहा.

९. प्लेट भरल्यावर लगेच, स्तंभ १० च्या एका खळग्यातले १० मायक्रोलिटर १० मिली सलाइनमध्ये घालून त्यातले १०० मायक्रोलिटर आगरवर पसरा. पन्नासेक कॉलन्या आल्या पाहिजेत. वीसपेक्षा कमी किंवा शंभरपेक्षा जास्त आल्या तर त्या दिवसाची प्लेट बाद.

वाचताना आधी डोळ्यांनी पाहा, मग यंत्रावर. शंका असेल तर ०.०१५ टक्के रेझाझुरिन हे रंगद्रव्य १० मायक्रोलिटर घाला; एक-दोन तासांत जिवंत वाढीला निळ्याचा गुलाबी होतो. खूप आम्लयुक्त खळग्यात हा रंग आपोआप बदलतो, म्हणून आम्ल कंट्रोलमध्ये त्यावर विसंबू नका. शेवटी तीन-चार खळग्यांतला पीएच पट्टीने पाहा. बायकार्बोनेट वापरले असेल तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच रात्रभरात वर चढतो. म्हणूनच या चाचणीत बायकार्बोनेट न घेता सोडियम हायड्रॉक्साइड घेतले आहे.

कागदी डिस्कची चाचणी इथे कामाची नाही. युजेनॉल आगरमधून नीट पसरत नाही. वलय लहान आले याचा अर्थ परिणाम कमी असा होत नाही.

दुसरी चाचणी: भुलीच्या पाण्यातली दहा मिनिटे

स्वॅब घेणाऱ्यांनी हीच चाचणी जपून करावी. इथे ब्रॉथ नको, खऱ्या भुलीसारखे पाणी हवे. डिस्टिल्ड पाणी घेतले तर जिवाणू नुसत्या पाण्यानेच मरायला लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी शुद्ध करून येते आणि क्लोरीनचा उरलेला अंश एकट्यानेच जिवाणू मारायला पुरेसा असतो. म्हणून पाणी स्वतः बनवा: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ९६ मि.ग्रॅ., कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट ६०, पोटॅशियम क्लोराइड ४ मि.ग्रॅ. हे मध्यम जडपणाचे, क्षारता साधारण साठीत असलेले पाणी होते. नळाचेच वापरायचे असेल तर आधी क्लोरीन मोजा आणि दर १ मि.ग्रॅ. क्लोरीनला ७ मि.ग्रॅ. सोडियम थायोसल्फेट घाला.

या पाण्यात पुढचे संच बनवा: नुसते पाणी, जास्तीचे बायकार्बोनेट घातलेले पाणी, आम्लाने पीएच उतरवलेले पाणी, एमएस-२२२ बफर केलेले (बायकार्बोनेट घालून आम्ल जिरवलेले) १०० मि.ग्रॅ. आणि २ ग्रॅम. तेच २ ग्रॅम बफर न करता. बेन्झोकेन १०० मि.ग्रॅ.; युजेनॉल ५० मि.ग्रॅ.; अल्कोहोल ०.१ टक्का. बफर करताना एका ग्रॅम पुडीमागे ०.३२ ग्रॅम बायकार्बोनेट हिशेबाने पुरते. प्रत्यक्षात लोक वजनाला वजन किंवा दुप्पट घालतात. तसे घालणार असाल तर बायकार्बोनेटच्या कंट्रोलमध्येही तेवढेच घाला.

प्रत्येक संचाच्या ९.९ मिलीत ०.१ मिली जिवाणू, म्हणजे मिलीलिटरला १० लाख होतील असे, घाला. जिवाणू आधी दोनदा सलाइनने धुवून घ्या; ब्रॉथचा अंश राहिला तर तो औषध शोषून निकाल सौम्य करतो. शून्य, ५, १० आणि ३० मिनिटांनी ०.१ मिली काढून ९.९ मिली उदासीनक द्रवात टाका. उदासीनक म्हणजे औषध निकामी करणारे मिश्रण: सलाइनमध्ये ३ टक्के ट्वीन-८० आणि ०.३ टक्के लेसिथिन. तिथून दहापट विरल करून २० मायक्रोलिटरचे तीन थेंब प्लेटवर सोडा. नुसत्या पाण्याच्या संचात थेंबाला वीसच्या आसपास कॉलन्या याव्यात. तीन थेंबांची सरासरी १७ आली आणि विरलन एकूण १००० पट असेल, तर १७ × ५० × १००० म्हणजे मिलीलिटरला साडेआठ लाख.

उदासीनक खरेच काम करतो का हे वेगळे दाखवा: आधी उदासीनकात औषध घाला, मग जिवाणू, आणि संख्या टिकते का पाहा. ही पायरी वगळली तर औषध प्लेटवर पोहोचले आणि तिथे वाढ थांबवली, की पाण्यात मारले, हे सांगता येत नाही.

मेलेल्या माशाच्या कातडीवर पडताळणी

जिवंत प्राण्यावर जाण्याआधी बाजारातल्या ताज्या कटला किंवा रोहूची कातडी घ्या. गोड्या पाण्याचाच मासा घ्या. गोवा-कारवारकडून येणाऱ्या समुद्री मासळीवरचे जिवाणू वेगळे, आणि बर्फात बराच काळ राहिलेले. २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटरचे तुकडे कापा, एकाच माशाच्या एकाच कुशीचे. अर्धे तुकडे भुलीच्या पाण्यात ५ मिनिटे, अर्धे साध्या पाण्यात तेवढाच वेळ. मग ५० मिली निर्जंतुक पाण्याने धुवा, ठरलेल्या दहा फटक्यांत स्वॅब घ्या आणि मोजा. तिसरा गट न धुता ठेवा. धुतल्याने किती फरक पडतो हे कळले की प्रत्यक्ष कामात किती धुवायचे ते ठरवता येते. मासळीला फॉर्मेलिन लावल्याची शंका आली तर तो मासा या कामाला घेऊच नका.

जिवंत प्राण्यावर

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी नसताना मासा असो वा बेडूक, सुरुवात करू नका. बेडकांच्या अनेक जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. भीमगड अभयारण्यातून किंवा घाटाकडून घ्यायचे तर कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत तयार ठेवा, फेऱ्या वाचतात.

शक्य असेल तेव्हा स्वॅब भुलीच्या आधी घ्या. हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि बेडकाच्या बाबतीत बहुधा तो जमतो. ओल्या, पावडर नसलेल्या नायट्राइल हातमोज्यांत धरा, प्रत्येक प्राण्याला नवे हातमोजे. आधी निर्जंतुक पाण्याने धुवा म्हणजे चिखलातले पाहुणे जिवाणू निघून जातात, मग पोट, मांड्या आणि पायाच्या पडद्यांवर ठरावीक फटके मारा. माशाला भूल दिल्याशिवाय धरता येत नसेल तर चालणारी किमान मात्रा, बफर केलेली, ठरावीक मिनिटे, आणि मग धुणे, असा क्रम सगळ्या माशांना अगदी सारखा ठेवा. भुलीचे पाणी एका प्राण्याचे दुसऱ्याला वापरू नका. माशाच्या मात्रेतले औषध हे जंतुनाशक नाही. पहिल्या माशाचे जिवंत जिवाणू त्याच पाण्यातून पाचव्या माशावर जातात आणि तुमच्या प्लेटवर उगवतात.

भूल दिलेला मासा खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी परत देऊ नका.

आकड्यांकडे कसे पाहावे

दुप्पट विरलनांच्या मालिकेत एका पायरीचा फरक हा चाचणीचा स्वाभाविक डगमग आहे. ५०० आणि १००० मधला फरक म्हणजे शोध नव्हे. एकाच प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या कॉलनीपासून, नव्याने बनवलेल्या औषधाने तीनदा करा आणि विश्लेषण त्या तीन आकड्यांवर करा. कॉलन्यांच्या संख्येचा लॉगरिदम घेऊनच सरासरी काढा.

बफर न केलेल्या एमएस-२२२ मध्ये संख्या घसरली आणि आम्ल कंट्रोलमध्येही तेवढीच घसरली, तर परिणाम आम्लाचा. पीएच साडेतीनच्या आसपास गेला की एमएस-२२२ चा मोठा हिस्सा भारित होतो आणि पटलातून जायला अडखळतो, त्यामुळे अशा पाण्यात औषधाचा वाटा उलट कमी असू शकतो. बफर केलेल्या २ ग्रॅममध्ये वाढ मंदावली पण मीठ कंट्रोल ठीक राहिला, तर तो औषधाचा परिणाम. युजेनॉलमध्ये ग्रॅम-ऋण स्युडोमोनास तग धरून राहिला तर आश्चर्य वाटू देऊ नका. त्याचे बाह्य पटल आणि औषध बाहेर फेकणारे पंप दोन्ही त्याला साथ देतात. आणि एका जिवाणूवर परिणाम नाही म्हणून कातडीवरच्या सगळ्या समूहावर नाही असे लिहू नका. संवेदनशील जाती गळाल्या आणि टणक जाती पसरल्या तर एकूण संख्या तीच राहून समूहच बदललेला असतो.

वहीत प्रत्येक खेपेला हे लिहा: औषधाचा बॅच, साठ्याची तारीख, पाण्याची क्षारता, पीएच सुरुवातीचा आणि शेवटचा, तापमानाचे कमाल-किमान आकडे, भूल लागल्यापासून स्वॅबपर्यंतची मिनिटे. मदतनीस कन्नड वाचणारे असतील तर बाटल्यांवरची नावे मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहा. "बफर केलेले" आणि "बफर न केलेले" या दोन बाटल्यांची अदलाबदल ही या प्रयोगातली सगळ्यात महागडी चूक आहे.

वापरलेल्या प्लेट, पिपेटची टोके आणि जिवाणूंचे द्रव ऑटोक्लेव्ह करूनच टाका, तेही वर सांगितलेल्या वाढीव वेळेत. उरलेले भुलीचे पाणी मलप्रभा-घटप्रभेला मिळणाऱ्या नाल्यात किंवा शेततळ्यात ओतू नका. बाटलीत साठवून संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. युजेनॉलचे पाणी वेगळ्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत.